मोफत वकिलाच्या कामाची उगवण कोण तपासणार?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण. जागेअभावी थोडे आटोपते घेतले आहे.)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. म्हण खरी आहे, पण अर्धीच. आपण कोर्टाची पायरी नाही चढलो, तरी कोर्ट आपल्या ओट्यावर येऊन बसते. शेजारी धुरा नांगरून दोन तास आत सरकतो. नवरा गेल्यावर दीर सातबाऱ्यावर नाव लागू देत नाही. कर्जापोटी लिहून दिलेले खरेदीखत सावकार दहा वर्षांनी काढून दाखवतो. बियाणे उगवत नाही आणि कंपनीचा माणूस म्हणतो, तुम्ही खोल पेरले. अशा वेळी शहाण्याने काय करायचे? घरात बसून शहाणे राहायचे आणि जमीन सोडून द्यायची?

मी शेतकीचा पदवीधर. माझे भाषण म्हणजे गुलाबी बोंडअळी, नाहीतर ज्वारीवरची खोडमाशी, अशी तुमची समजूत असेल. आज विषय वेगळा आहे. सरकारच्या पैशाने गरीब माणसाला दिवाणी आणि महसुली कामात मोफत वकील मिळतो. त्या वकिलाचे काम चांगले झाले की वाईट, हे कोण बघते? आणि कसे बघावे? विषय वकिलांचा वाटतो, पण आहे आपला. कसा, ते आधी सांगतो.

वाटेवरच्या काट्या

माझ्या ओळखीची एक बाई आहे. नाव गाव सांगत नाही. नवरा वारलेला, तीन एकर कोरडवाहू रान. रानात जायची बैलगाडीची वाट शेजाऱ्याच्या शेतातून, सासऱ्याच्या आधीपासूनची. एका वर्षी जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, शेजाऱ्याने बोरीच्या काट्या टाकून वाट बंद केली. बाई रडत माझ्याकडे आली. मोफत वकील मिळतो हे मला ठाऊक होते. मी तिला घेऊन गेलो, अर्ज भरून दिला आणि जुलैमध्ये तिला वकील मिळाला.

वकील तरुण होता, बोलायला गोड. त्याने शेजाऱ्याला नोटीस पाठवली. उत्तर आले नाही. मग दिवाळीची सुट्टी आली. मग दुसरी नोटीस गेली. फेब्रुवारीत मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांपुढे दावा लागला. तारखा पडू लागल्या. मी अधूनमधून चौकशी करीत होतो. वकील प्रत्येक तारखेला हजर. मी बाईला सांगितले, ‘काळजी करू नको, माणूस कामाचा आहे.’

निकाल लागला तो एका ओळीचा. दावा मुदतीत नाही, म्हणून फेटाळला.

मी ती फाइल घेऊन एका जुन्या वकिलाकडे गेलो. त्यांनी आता काम बंद केले आहे. त्यांनी चष्मा लावला, अर्धा तास कागद चाळले आणि म्हणाले, “अहो, मामलेदार कोर्ट कायदा १९०६ चा. कलम ५. चालू वाट अडवली, तर अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. इथे आठ महिने झाले. आणि दुसरी गोष्ट बघा. वाट कोणत्या तारखेला अडवली, हे या फाइलमध्ये पहिल्या दिवशी कोणी लिहूनच घेतलेले नाही. तारीखच लिहिली नाही, तर मुदत मोजणार कशी?”

मी बाईला भेटलो. तिचे म्हणणे ऐका. “वकीलसायेब देवमाणूस होते, भाऊ. एक पैसा घेतला नाही. गेलं की बसायला खुर्ची द्यायचे. आपलंच नशीब खोटं.”

भावांनो, नशीब खोटे नव्हते. काम खोटे झाले होते. दोन हंगाम तिचे रान पडीक राहिले. आता तिला दिवाणी कोर्टात वहिवाटीचा हक्क शाबीत करायचा आहे. त्यासाठी वीस वर्षांच्या वापराचा पुरावा गोळा करायचा आहे. किंवा जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून नवी वाट मागायची आहे. जे काम एका पावसाळ्यात निपटले असते, त्याला आता किती वर्षे लागतील, कोण सांगणार?

या गोष्टीत माझाही दोष आहे. बाईला वकील पारखता आला नाही, आणि मला, एवढी पुस्तके वाचलेल्या माणसालाही, आला नाही. जुन्या वकिलाला तो अर्ध्या तासात आला. कारण तो त्याच धंद्यातला होता आणि त्याने फाइल उघडली. माझे सगळे भाषण या अर्ध्या तासाबद्दल आहे.

हे दान नव्हे

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असे आपल्याकडे म्हणतात. मोफत वकिलाबद्दल आपली वृत्ती तशीच आहे. फुकट मिळाला ना? मग गप्प बसा. ही वृत्ती आधी टाकून द्या, कारण ही धर्माची गाय नाही.

राज्यघटनेत १९७६ च्या दुरुस्तीने ३९-अ हे कलम आले. पैसा नाही म्हणून कोणी न्यायाला मुकू नये, यासाठी राज्याने मोफत कायदेशीर मदत द्यावी, असे ते सांगते. त्यासाठी १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो अमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. आठ वर्षे कायदा कपाटात होता. आज दिल्लीपासून राज्य, जिल्हा आणि तालुक्यापर्यंत त्याची कचेरी आहे.

मदत कोणाला मिळते? कलम १२ वाचा. स्त्रिया आणि मुले. त्यांना उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातीचे लोक. अपंग. कारखान्यातले कामगार. कोठडीत असलेले लोक. आणि पुढे नीट ऐका: पूर, दुष्काळ, भूकंप अशा आपत्तीत सापडलेला माणूस. दुष्काळ हा शब्द कायद्यातच आहे. याशिवाय महाराष्ट्रात ज्याचे वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांच्या आत, तोही. म्हणजे या मांडवात बसलेल्यांपैकी बहुतेक सगळे.

आणि ‘कोर्ट’ म्हणजे फक्त न्यायाधीशाचे कोर्ट नव्हे. कायद्याच्या व्याख्येत महसुली कोर्ट आहे, न्यायनिवाडा करणारी इतर प्राधिकरणेही आहेत. तहसीलदारांपुढचा वाटेचा दावा त्यात बसतो. बियाण्याची तक्रार घेऊन ग्राहक आयोगात गेलात, तर तीही बसते.

याचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. तिजोरीत तुम्ही काडीपेटीपासून डिझेलपर्यंत कर भरता. आपल्या पैशाने घेतलेल्या मालाचे दात मोजायचे नाहीत, तर काय करायचे?

तीन खोटी मापे

मग मोजायचे कशाने? सहसा तीन मापे वापरली जातात. तिन्ही खोटी आहेत.

पहिले माप, पक्षकार खूश आहे का? ती बाई खूश होती. वकील नीट बोलला का, वेळ दिला का, मान दिला का, हे पक्षकाराला बरोबर कळते, आणि ते महत्त्वाचेही आहे. पण योग्य कलम लावले का, मुदत पाळली का, हे त्याला कळत नाही. पिशवीवरचे चित्र पाहून बियाण्याची जात ओळखायला सांगण्यासारखे ते आहे.

दुसरे माप, केस जिंकली का? आपण कोरडवाहूवाले. एका सालचे पीक पाहून बियाणे चांगले की वाईट, हे आपण ठरवतो का? उत्तम बियाणे पावसाने दगा दिला की जाते आणि सुमार बियाणे चांगल्या पावसात तरते. केसचेही तसेच. भक्कम पुरावा असलेली केस आळशी वकीलही जिंकतो. कमजोर केस निष्णात वकीलही हरतो. जिंकण्याचेच माप लावले, तर वकील सोप्या केसेस घेतील आणि अवघड दुखणे असलेली विधवा दारातून परत जाईल.

तिसरे माप, वकील तारखेला हजर होता का? हे माप मी लावले होते. हजेरी लागते, पण हजेरी म्हणजे काम नव्हे. रोजंदार धुऱ्यावर बसून राहिला, तर हजेरी पूर्ण आणि निंदण शून्य.

बियाण्याच्या बाबतीत आपण काय करतो? उगवणशक्ती तपासतो. प्रयोगशाळेत शंभर-शंभराचे चार भाग करून चारशे दाणे ओल्या कागदात ठेवतात आणि कोंब मोजतात. प्रमाणित ज्वारी किमान ७५ टक्के उगवली पाहिजे. पाऊस पडो न पडो, बियाण्याचा गुण वेगळा मोजता येतो. वकिलाच्या कामाचा गुण असा, निकालापासून वेगळा काढून, मोजता येईल का?

येतो. काही देशांनी तो मोजला आहे.

विलायतेत काय झाले

इंग्लंडमध्ये सरकारी पैशाने कायदेशीर मदत देण्याचा कायदा १९४९ मध्ये झाला, दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच. वकील खासगीच, पण बिल सरकार भरणार, अशी पद्धत. पुढची चाळीस वर्षे ‘वकील आहे म्हणजे काम चांगलेच करणार’ या विश्वासावर गाडी चालली. खर्च वाढत गेला, तसे सरकार विचारू लागले की या पैशात नेमके काय मिळते?

१९९४ पासून तिथल्या कायदा मदत मंडळाने वकिलांच्या कचेऱ्यांना दर्जाची मान्यता द्यायला सुरुवात केली. त्यात तपासनीस फाइल उघडून एक यादी ताडून बघत. पक्षकाराचा पत्ता लिहिला का? मुदत नोंदवली का? सल्ला लेखी दिला का? तपासनीस स्वतः वकील असलाच पाहिजे असे नव्हते. यादीशी ताडायचे आणि खूण करायची.

याचा फायदा झाला. ‘तारीख लिहिली का’ एवढी एक खूण आपल्या तालुक्यात कोणी केली असती, तर त्या बाईचे रान पडीक राहिले नसते. पण या पद्धतीची एक मर्यादा आहे. सल्ला लिहिला आहे, एवढे यादी सांगते. सल्ला बरोबर आहे का, हे सांगत नाही. पिकाच्या नोंदवहीत ‘फवारणी केली’ असे लिहिलेले असते, पण कोणत्या किडीवर कोणते औषध, हे पाहायला शेतकी जाणणाराच लागतो.

म्हणून पुढची पायरी आली. त्याच धंद्यातल्या, त्याच प्रकारची कामे रोज करणाऱ्या अनुभवी माणसाने फाइल वाचायची. आपण तिला समव्यावसायिकांची तपासणी म्हणू. लंडन विद्यापीठाच्या कायदा संस्थेतले प्राध्यापक अव्रम शेर आणि त्यांचे सहकारी यांनी तिची पद्धत बसवली. तपासणारा कामाला पाचपैकी एक दर्जा देतो. पहिला म्हणजे उत्कृष्ट, दुसरा चांगला, तिसरा किमान पात्र, चौथा पात्रतेखाली आणि पाचवा म्हणजे कामात नापास. सरकारी पैशाने काम करायचे, तर तिसरा दर्जा तरी राखलाच पाहिजे, ही कराराची अट. चौथा मिळाला, तर सुधारायला वेळ देऊन पुन्हा तपासणी होते. पाचवा मिळाला, तर करारावरच गदा येते.

२००१ मध्ये तिथे एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवाणी सल्ल्याचे काम करणाऱ्या वकिलांच्या कचेऱ्या आणि सेवाभावी सल्ला केंद्रे यांच्या कामाची त्यात तुलना होती. त्या केंद्रांत सल्ला देणारे पुष्कळ जण वकील नव्हते. तरीही सरासरीने त्यांचे काम वकिलांपेक्षा सरस निघाले. मात्र त्यांनी वेळ जास्त घेतला होता. अर्थ असा की नुसता काळा कोट हा दर्जाचा पुरावा नाही. एकाच प्रकारच्या कामात मुरलेला माणूस आणि त्याला मिळालेला वेळ, यांनी काम चांगले होते. हे कळले कशामुळे? फाइली उघडून वाचल्या म्हणून.

स्कॉटलंडने हीच गोष्ट थोड्या वेगळ्या रीतीने केली. तिथे दिवाणी मदतीचे काम घेणाऱ्या प्रत्येक वकिली कचेरीला तपासणीच्या फेरीतून जावे लागते. ही तपासणी वकिलांची संघटना आणि कायदा मदत मंडळ मिळून चालवतात. फाइल वाचणारे रोज कोर्टात उभे राहणारे वकीलच असतात. पण वर जी समिती असते, तिच्यात वकील नसलेली सामान्य माणसेही बसतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

गाडीत हात घालायचा, पण कोणी?

कापूस विकायला नेला, की ग्रेडर काय करतो? वरचा कापूस पाहत नाही. गाडीत कोपरापर्यंत हात घालतो आणि खालचा मूठभर ओढून काढतो. कारण वर पांढराशुभ्र आणि खाली कवडी, ही युक्ती त्याला ठाऊक असते. फाइलींचेही तेच. वकिलाने स्वतः काढून दिलेल्या पाच चांगल्या फाइली वाचून उपयोग नाही. यादीतून डोळे मिटून काढलेल्या वाचायच्या.

पण ग्रेडरचा आपला अनुभव काय आहे, तेही विसरू नका. व्यापाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसणारा ग्रेडर चांगल्या कापसाला कवडी म्हणतो. म्हणून तपासणारा त्याच बाररूममधला, रोज त्याच वकिलाबरोबर चहा पिणारा नको. दुसऱ्या जिल्ह्यातला हवा. दोन ग्रेडर एकाच ढिगाला दोन प्रती लावतात, हेही आपण पाहिले आहे. विलायतेत म्हणून तपासणाऱ्यांना आधी शिकवतात. एकच फाइल दोघांना वाचायला देतात आणि दोघांचे माप जुळते का ते पाहतात.

फाइलमध्ये काय वाचायचे? ते काही गूढ नाही. पक्षकाराची हकीकत आणि तारखा पहिल्याच भेटीत लिहून घेतल्या का? मुदत मोजली का? योग्य दार ठोठावले का? पुरावा वेळेत गोळा केला का? पक्षकाराला त्याच्या भाषेत, कागदावर, काय होऊ शकते ते सांगितले का? तडजोडीचा विचार झाला का आणि तडजोड त्याच्या हिताची होती का?

योग्य दार ही गोष्ट केवढी मोठी आहे, ते दोन उदाहरणांनी सांगतो. अवैध सावकाराने कर्जापोटी खरेदीखत करून घेतले, तर सामान्य वकील दिवाणी दावा लावतो आणि मुदतीतच अडकतो. पण महाराष्ट्राचा सावकारी नियमन कायदा, २०१४, कलम १८ बघा. अशी जमीन अर्जाच्या तारखेआधीच्या पंधरा वर्षांत सावकाराकडे गेली असेल, तर जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. तो चौकशी करून जमीन परत देववू शकतो. दुसरे उदाहरण बियाण्याचे. कंपनीचा वकील म्हणतो, शेतकरी ग्राहकच नाही आणि त्याने बियाण्याचा नमुनाही ठेवलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात हे दोन्ही मुद्दे फेटाळले. शेतकरी ग्राहक आहे, आणि सगळे बियाणे पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याने नमुना जपून ठेवावा, अशी अपेक्षा धरता येत नाही. ज्या वकिलाला हे ठाऊक आहे त्याची फाइल आणि ज्याला ठाऊक नाही त्याची फाइल, यांतला फरक तुम्हाला-मला दिसणार नाही. त्या कामातल्या माणसाला पहिल्या पानावर दिसेल.

लोकअदालतीबद्दलही सांगून ठेवतो. आपसात मिटले तर उत्तमच. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, तो अंतिम असतो. सही करण्यापूर्वी वकिलाने काय समजावले, ते फाइलमध्ये दिसलेच पाहिजे. नाहीतर ‘इतकी प्रकरणे निकाली’ असा आकडा वाढतो आणि बाईचा हिस्सा घटतो.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

काही वकील मित्र म्हणतील, पक्षकाराची गोष्ट गुप्त असते, ती दुसऱ्याला कशी दाखवायची? मुद्दा रास्त आहे. पण वाचणाराही वकीलच, गुप्ततेचे बंधन त्यालाही आहे. मदतीच्या अर्जावरच पक्षकाराची संमती घेता येईल. दवाखान्यात एका डॉक्टरचे कागद दुसरा डॉक्टर बघतोच की.

दुसरा आक्षेप, न्यायाधीश बघतातच. न्यायाधीश बघतात ते कोर्टापुढे आलेले. जे आलेच नाही, जो मुद्दा मांडलाच नाही, जी वेळ कचेरीत गेली, ते त्यांना दिसत नाही. आमच्या बाईचे आठ महिने कोणत्याही रोजनाम्यात नाहीत.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो आपणच मांडला पाहिजे. मोफत कामाच्या वकिलाला मिळणारे मानधन तुटपुंजे असते आणि उशिरा मिळते. ज्याला कवडीमोल भाव द्यायचा, त्याच्याकडून पहिल्या प्रतीचा माल मागायचा, हे धोरण आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? जो न्याय कापसाला, तोच वकिलीला. दर्जा तपासायचा असेल, तर दामही रास्त द्या.

इंग्लंडने इथे एक धडा दिला आहे. तपासणीची पद्धत उत्तम बसली. पण १ एप्रिल २०१३ पासून २०१२ चा कायदा लागू झाला आणि दिवाणी मदतीचा मोठा भाग सरकारने काढूनच टाकला. घरगुती तंटे, कर्ज, नोकरी, सरकारी भत्ते यांतली बहुतेक कामे गेली. तपासणीचे यंत्र राहिले, पण ज्या गरिबासाठी ते होते, त्याच्यासमोर दुकान बंद. तराजू चांगला असून भागत नाही, बाजारही उघडा लागतो.

आपल्याकडे काय आहे, काय नाही

आपल्याकडे काहीच नाही, असे नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचे २०१० चे विनियम आहेत. त्यांच्या नावातच ‘मोफत आणि सक्षम’ असे शब्द आहेत. ‘सक्षम’ हा शब्द कोणी विचारपूर्वक घातला आहे. त्या विनियमांनी देखरेख समिती सांगितली आहे. तिने मोफत प्रकरणांची नोंदवही ठेवायची, वकिलाच्या हजेरीवर आणि प्रकरणाच्या प्रगतीवर लक्ष ठेवायचे आणि अहवाल द्यायचा. वकिलाने पक्षकाराकडून काहीही घ्यायचे नाही. काम असमाधानकारक असेल, तर प्रकरण काढून घेता येते आणि वकिलाचे नाव पॅनेलवरून कमी करता येते.

पण या सगळ्याचा भर प्रकरण पुढे सरकते का, यावर आहे. ते बरोबर दिशेने सरकते का, हे सांगणारी फाइल-तपासणी त्यात नाही. बाहेरच्या जिल्ह्यातला अनुभवी वकील यावा, त्याने चिठ्ठ्या टाकून फाइली काढाव्यात, ठरलेल्या मापाने दर्जा द्यावा आणि त्या दर्जाचा काही परिणाम व्हावा, अशी व्यवस्था नाही. २०२२ पासून फौजदारी कामासाठी पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना आली. ती चांगली गोष्ट आहे. पण वाट, हिस्सा, फेरफार, खरेदीखत ही आपली कामे पॅनेलवरच्या वकिलाकडेच आहेत.

म्हणून आपली मागणी सरळ आहे. प्रत्येक जिल्ह्यात दरवर्षी मोफत दिवाणी आणि महसुली प्रकरणांच्या थोड्या फाइली यादृच्छिक काढून जिल्ह्याबाहेरच्या अनुभवी वकिलांकडून वाचून घ्या. दर्जा द्या. कमी पडणाऱ्याला आधी शिकवा. न सुधारणाऱ्याला पॅनेलवरून काढा. चांगल्याला चांगला दाम द्या. पक्षकारांची नावे झाकून निष्कर्ष जाहीर करा. आणि जी समिती हे पाहील, तिच्यात स्कॉटलंडसारखी वकील नसलेली माणसे घ्या. एक शेतकरी घ्या आणि एक शेतकरी बाई घ्या. कलम कोणते लावायचे ते आम्हाला कळणार नाही, पण वाट अडली की पेरणी जाते, हे आमच्याइतके कोणाला कळणार?

आपण काय करायचे

मागणी पुरी होईपर्यंत हातावर हात धरून बसायचे नाही. वकिलाला भेटायच्या आधी घटनेची तारीख वहीत लिहा. पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारा, ‘साहेब, याला मुदत किती आणि ती कधी संपते?’ उत्तर त्याच वहीत, त्यांच्यासमोर लिहा. दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत ठेवा, दाखल केलेल्या दाव्याची नक्कल मागा. हे मागताना आवाज चढवायचा नाही आणि मान खालीही घालायची नाही. काम पटले नाही, तर वकिलाशी भांडू नका. जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मदत कुठे मिळते हे माहीत नसेल, तर १५१०० हा फोन क्रमांक आहे.

आणि गावातल्या शिकलेल्या पोरांना एक विनंती. विधी सेवा प्राधिकरण गावपातळीवर विधी स्वयंसेवक नेमते. तिथे नाव द्या. प्रत्येक गावात एक जरी माणूस ‘तारीख लिहिली का?’ एवढे विचारणारा तयार झाला, तरी पुष्कळ रान वाचेल.

त्या बाईचा दावा आता दिवाणी कोर्टात आहे. जुन्या वकिलांनी नव्या वकिलाला सगळे कागद लावून दिले. पुढच्या महिन्यात तारीख आहे, मी तिच्याबरोबर जाणार आहे. या वेळी तो हजर आहे की नाही, एवढेच पाहून मी परत येणार नाही.

एवढे बोलून थांबतो.